सकाळची स्वतःची, संध्याकाळची दुसऱ्याची

मी, मयताची सख्खी थोरली बहीण, वय ४६ वर्षे, शिक्षण रसायनशास्त्रातील पदवी, व्यवसाय नोकरी (पाणी तपासणी प्रयोगशाळा), राहणार मयताच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मयत हा माझा धाकटा भाऊ. तो छापखान्यात मशीन चालवत असे. त्याचे लग्न झालेले नव्हते. आई-वडिलांच्या मागे आमचे मामा हेच घरातले वडीलधारे आहेत. त्यांनी दिलेल्या अर्जावरून मला जबाबासाठी बोलावले आहे. मामा आत्ता बाहेरच्या बाकावर बसले आहेत.

भावाला फुप्फुसे हळूहळू घट्ट होत जाण्याचा आजार होता. हल्लीच्या औषधांनी तो सावकाश वाढतो, थांबत नाही. गेल्या वर्षी सरकारी संशोधन केंद्रात या आजारावरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. औषध केंद्रातच, सरकारी खर्चाने तयार झालेले आहे. भाऊ तिथे स्वतःहून गेला. त्याला कोणी भरीस घातले नाही. मामांचा विरोध होता. ते म्हणाले, "तुला उंदीर करतील ते." भाऊ म्हणाला, "उंदरांवर करून झालंय मामा, आता माणसांचा नंबर लागलाय." आणि मला म्हणाला, "ताई, इतकी वर्षं पगारातून कर कापून घेतला, निदान एक गोळी तरी पदरात पडू दे."

चाचणीची पद्धत आम्हाला केंद्रातील डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितली होती. निम्म्या रुग्णांना खरे औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाच्या डबीत काय आहे हे रुग्णाला माहीत नसते, डॉक्टरांनाही नसते. नेहमीचे उपचार सगळ्यांचेच चालू राहतात. गोळ्या रोज दोन, सकाळी एक व संध्याकाळी एक. दर महिन्याला तपासणी होऊन नवी डबी मिळते व उरलेल्या गोळ्या मोजून परत घेतात. भावाच्या मोजणीत कधी फरक आला नाही.

केंद्रातील बाकावर भावाची ओळख एका निवृत्त बसचालकांशी झाली. त्यांना हाच आजार असून तेही याच चाचणीत आहेत. भाऊ त्यांना ड्रायव्हरकाका म्हणे. ते भावाला छापखाना म्हणत. भावाला खोकल्याची उबळ आली की विचारत, "काय छापखाना, आज किती प्रती?" भाऊ उलट म्हणे, "तुमची गाडी तर स्टँडातूनच हलेना." तपासणी संपली की मी गाडी आणायला मागच्या आवारात जात असे. तेवढा वेळ ते दोघेच बाकावर असत.

पहिले काही महिने भावाला बरे वाटत होते. एक जिना तो न थांबता चढे. आपल्याला खरी गोळी मिळाली आहे अशी त्याची खात्री झाली होती. मी त्याला सांगितले होते की, असे वाटण्यावरून काही ठरत नाही, ऋतू बदलला तरी वाटते. पुढे त्याला थकवा येऊ लागला. हा आजार असा चढ-उतार दाखवतो, त्यामुळे मला वेगळी शंका आली नाही. या महिन्याच्या सुरुवातीला तो सकाळी खुर्चीत बसल्या जागी वारला. त्या वेळी मी त्याच्याच घरी, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होते. त्याने हाक मारली नाही.

मामांच्या अर्जात दोन गोष्टी आहेत. रिकामी गोळी देऊन माझ्या भाच्याला उपचारावाचून मारले, ही एक. आणि विषारी नवे औषध देऊन मारले, ही दुसरी. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, असे मी मामांना म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तू निवड त्यातली एक. मला माझा भाचा पाहिजे." मामांनी तीन वर्षे भावाचा ऑक्सिजनचा सिलिंडर जिन्याने वर चढवला आहे, हेही इथे नोंदवावे.

भाऊ गेल्यावर ड्रायव्हरकाका भेटायला आले. मामा खाली गेल्यावर त्यांनी मला पुढील हकिगत सांगितली. त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळत होती तेव्हा एकदा बाकावर ते म्हणाले होते, "छापखाना, आपल्या नशिबी पाणीच आलं बघ. दूध तुझ्या वाट्याला." त्यावर भाऊ म्हणाला, "मग दोघं मिळून पातळ दूध पिऊ की." त्या दिवसापासून ते दर महिन्याला निम्म्या गोळ्यांची अदलाबदल करत. सकाळची गोळी स्वतःच्या डबीतली, संध्याकाळची दुसऱ्याच्या. एकाला एक अशी बदलत असल्याने मोजणी बरोबर येई. ड्रायव्हरकाका म्हणाले, "मी मागितली नव्हती हो. त्यानंच झाकण उघडलं." हे कोणाला सांगू नका, असेही ते म्हणाले. अलीकडे त्यांचा खोकला कमी झाला आहे आणि ते फाटकापर्यंत चालत येतात.

त्यानंतर मी संशोधन केंद्रात जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटले. कोणाचे नाव न घेता विचारले, की दोन रुग्णांनी गोळ्या बदलल्या तर काय होते. त्या म्हणाल्या, "कोण, ते आत्ता सांगू नका. सांगितलंत की मला त्यांच्या गोळ्या थांबवाव्या लागतील. बाकी उपचार चालू राहतील." मी विचारले, न सांगितले तर? त्या म्हणाल्या, "तर तो मृत्यू एका बाजूला मोजला जाईल आणि ती सुधारणा दुसऱ्या बाजूला. आमच्याकडे रुग्णच थोडे आहेत. दोन चुकीची माणसं पुरतात. चांगलं औषध टाकून दिलं जाईल किंवा निकामी औषध पुढे हजारोंना देत बसू."

मृत्यू झाल्यास डबीच्या नोंदीचे सीलबंद पाकीट उघडता येते, भावाच्या डबीत काय होते ते पाहायचे का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणाले. ते मी का म्हणाले याचा विचार केला आहे. एकट्या त्याच्या डबीवरून त्याच्या पोटात काय गेले हे कळणार नाही, हे कारण खरे आहे. पण ते एकच कारण आहे असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

दोन नमुने एकाच बाटलीत ओतले तर त्यावर कोणती चिठ्ठी लावायची, हे माझ्या कामात मला कधी ठरवावे लागले नाही. असा नमुना आम्ही टाकून देतो. इथे टाकून देता येत नाही.

ड्रायव्हरकाकांच्या पाठीमागे बोलायचे नाही म्हणून मी काल त्यांच्या घरी गेले. उद्या ठाण्यात सगळे सांगणार आहे, असे त्यांना सांगितले. ते फाटकाशी उभे होते. म्हणाले, "तुमचा भाऊ गेला, आता माझा श्वास पण घेऊन जाता का?" मी म्हणाले, तो श्वास त्या गोळीचा आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही. ते म्हणाले, "मला माहीत आहे ना! छातीत माझ्या आहे, तुमच्या कागदात नाही." तेवढ्यात त्यांच्या पत्नी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आवाज खाली करा. ज्याच्या वाट्याचं खाल्लंत, त्याची बहीण आहे ती." मग काकांनीच मला पाणी दिले. मी निघाले तेव्हा ते फाटकाला धरून उभे होते. त्यांनी संमती दिलेली नाही. मी हे त्यांच्या मर्जीविरुद्ध सांगत आहे.

आपण मला विचारले की, मृत्यूबाबत माझा कोणावर संशय आहे काय. संशोधन केंद्रातील कोणावरही माझा संशय नाही. ड्रायव्हरकाकांवर नाही. नव्या औषधाने त्याचे बरे झाले की वाईट, का काहीच नाही, हे मला माहीत नाही. माझ्या बोलण्यामुळे एका जिवंत माणसाचे औषध बंद होईल आणि ते औषधच होते की नाही हे सांगणारे आज कोणी नाही. हे मला पटवून घेता आलेले नाही. तरी सांगितले आहे.

माझी विनंती आहे की, या जबाबाची प्रत डॉक्टरीणबाईंना द्यावी. ड्रायव्हरकाकांकडे मात्र आज कोणी शिपाई पाठवू नये. इथून निघून मी स्वतः त्यांच्याकडे जाणार आहे. ते दार उघडतील की नाही सांगता येत नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला. दार उघडे असल्याने मामांनी तो बाहेरून ऐकला व ते आत आले. त्यांनी मला विचारले, "डबी उघडली तेव्हा त्याला काय वाटत होतं? आपली खरी आहे असं?" मी हो म्हणाले. मामा म्हणाले, "खरी वाटत असताना दिली?" मी पुन्हा हो म्हणाले. मामा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.

ही दोन प्रश्नोत्तरेही लिहून घ्या असे मी सांगितल्यावरून ती शेवटी वाढवली आहेत. सर्व जबाब मला परत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, म्हणून सही करते.