माझ्यामागे कोणी नाही

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या किनारा पदभ्रमण मंडळाच्या आधारस्तंभ माननीय डॉक्टरबाई, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले दीपगृहाचे निवृत्त रखवालदार, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती कुलूपवाले, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती आणि कन्या, मंडळाचे आजी-माजी सभासद आणि बंधुभगिनींनो,

प्रारंभीच एक खुलासा करतो. माझ्या मागे जो फलक लावला आहे, त्यावरील 'समारंभ' या शब्दाच्या डोक्यावर जो जादा अनुस्वार बसलेला आहे, तो मी दिलेल्या मजकुरात नव्हता. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या माणसाच्या पाठीशीच अशी चूक टांगलेली असावी, हा योगायोग म्हणावा की न्याय, हे माझे भाषण संपल्यावर आपणच ठरवा.

कार्यकारिणीने मला दहा मिनिटे दिली आहेत. कुलूपवाल्यांचा गौरव करावा, शाल द्यावी आणि खाली बसावे, अशी अपेक्षा आहे. गौरव मी करणार आहेच. परंतु त्याआधी मला एक काम उरकायचे आहे, आणि ते आज झाले नाही तर होणार नाही. उद्या सकाळी कुलूपवाले कन्येकडे राहायला जात आहेत. कन्येच्या शहरापासून समुद्र चारशे किलोमीटर दूर आहे. त्यांची दृष्टी आता इतकी मंदावली आहे की पाऊलवाटेवरचा दगड आणि दगडाची सावली यांतला फरक त्यांना कळत नाही. ते परत येतील, असे आपण सगळे त्यांना म्हणणार आहोत. मी म्हणणार नाही.

नव्या सभासदांसाठी थोडे सांगतो. आपली वाट बोटी बांधणाऱ्यांच्या गावातून निघते, दीपगृहाच्या गावावरून मिठागरांच्या गावात उतरते आणि जुन्या जकातघराच्या गावात संपते. चार गावे, एकोणीस किलोमीटर, गुरांच्या कुरणांतली सात फाटके आणि शेवटी तो दगडी बांध. बांध भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. मीठ वाहणाऱ्यांनी तो तीनशे वर्षांपूर्वी घातला, आणि समुद्र तो दिवसातून दोनदा परत मागून घेतो.

या वाटेवर मंडळाचा एकच नियम आहे. सर्वांत पुढे चालणारा वाट दाखवतो. सर्वांत मागे चालणारा कोणालाही ओलांडत नाही, सातही फाटके लावून घेतो आणि जकातघराच्या ओसरीवर पोहोचला की म्हणतो, "माझ्यामागे कोणी नाही." त्यावर पुढच्याने उत्तर द्यायचे, "मोजले." ही दोन वाक्ये झाल्याशिवाय कोणी चहाच्या पेल्याला हात लावायचा नाही आणि कोणी बसमध्ये चढायचे नाही.

एकोणतीस वर्षे पुढे मी चाललो. मागे कुलूपवाले. आता कुलपांचे दुकान चालवणाऱ्या माणसाहून फाटके लावायला अधिक लायक कोण? खिशात तेलाची बाटली असायची. प्रत्येक कडीला दोन थेंब. कोणी म्हणायचे, "अहो, ही फाटकं तुमची आहेत का?" तर म्हणायचे, "माझी नाहीत म्हणून तर तेल घालतो. स्वतःच्या घरची कडी अजून कुरकुरतेच." त्यांच्या सौभाग्यवती मान हलवीत आहेत, म्हणजे अजूनही कुरकुरत असावी.

आणि मागे, कुलूपवाल्यांच्या बरोबरीने, दरवर्षी आणखी एक व्यक्ती चालायची. माझी पत्नी.

तिची चाल संथ होती. शंख दिसला की थांबायची, नांगर दिसला की थांबायची, भिंतीवरची गोगलगाय भिंत ओलांडेपर्यंत थांबायची. मी आरंभीची दोन-तीन वर्षे म्हणून पाहिले, "जरा पाय उचल." ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी भाऊजींबरोबर येते. गाव काही पळून जात नाही." मी पुढे झालो. मी पुढे झालो तो झालोच. एकोणीस किलोमीटरच्या वाटेवर माझी पत्नी काय बोलत असे, कशाला हसत असे, हे मला ठाऊक नाही. ते या सभागृहात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो उद्या जातो आहे.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सभासदांपैकी अनेकांना ती एका विशिष्ट रूपात माहीत आहे. ते रूप माझ्या हस्ताक्षरात आहे.

त्या दिवशी सकाळपासून धुके होते. नोंदवहीत सव्वीस नावे होती. बारा चाळीसची बस, आणि एक वाजता बांध पाण्याखाली जाणार. मी ओसरीवर उभा राहून येणारी माणसे मोजत होतो. सर्वांच्या अंगावर रेनकोट, डोक्यावर टोप्या ओढलेल्या. चोवीस झाले. मग बराच वेळ कोणी नाही. नंतर बांधावरून दोघे येताना दिसले. एक पुरुष, एक स्त्री. सव्वीस. दरवर्षी शेवटी येणारे तेच दोघे, नाही का? आकडा जुळला. वाक्य अजून ऐकलेले नव्हते. पण आकडा जुळल्यावर वाक्याची वाट कशाला पाहायची, असा विचार मी केला. शिटी वाजवली. चहा झाला. बस निघाली. मी नेहमीप्रमाणे चालकामागच्या आसनावर बसलो आणि मागे वळून पाहिले नाही.

शहरात उतरताना त्या शेवटच्या स्त्रीने डोक्यावरची टोपी मागे सारली आणि मला म्हणाली, "आम्ही तुमच्यातले नाही हो. धुक्यात वाट कळेना, म्हणून तुमच्या मागं मागं आलो. चहाबद्दल आभार." तो चेहरा मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. तेवढ्यात डॉक्टरबाई पुढे आल्या आणि त्यांनी विचारले, "पंडित, वहिनी कुठायत?"

बंधुभगिनींनो, तेव्हा आमच्या लग्नाला सदतीस वर्षे झाली होती. सदतीस वर्षे जिच्याबरोबर एका घरात राहिलो, तिच्या जागी एक अनोळखी बाई माझ्यासमोरून चालत आली, माझ्या हातून चहा घेऊन गेली, आणि मला कळले नाही. मी माणसे मोजली. माणूस पाहिला नाही.

आम्ही जीप करून परत गेलो. दोन वाजले होते. बांध पाण्याखाली गेला होता. धुके विरत चालले होते आणि पलीकडच्या काठावर मिठाच्या जुन्या कोठाराच्या पायऱ्यांवर दोन आकृत्या दिसत होत्या. एक बसलेली, पाय लांब केलेला. घोटा मुरगळला होता, हे पुढे कळले. दुसरी उभी. आमची जीप पाहताच उभ्या माणसाने तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि मधल्या पाण्यावरून ओरडून सांगितले, "माझ्यामागे कोणी नाही."

बसलेली आकृती हसली. एवढ्या अंतरावरून चेहरा दिसत नव्हता, पण ती हसली हे मला कळले, कारण हसताना तिचे खांदे हलत असत.

नियमाप्रमाणे मी उत्तर द्यायला हवे होते. मी दिले नाही. पाच वाजता पाणी उतरले, आणि कुलूपवाले तिला खांद्याचा आधार देत, एकेक दगड पाहत, या काठाला घेऊन आले.

आता त्या रूपाकडे येतो. मंडळाचे इतिवृत्त तेव्हाही मीच लिहीत असे. ते पुस्तक मी आज बरोबर आणले आहे. मी त्यातले एकच वाक्य वाचतो. "मागील व्यक्तीने वेळेचे भान न राखल्यामुळे दोन सभासद बांधापलीकडे अडकून पडले." यात एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही. वाक्य निर्दोष आहे. फक्त ते खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे मला लिहिताना माहीत होते.

सभेत डॉक्टरबाईंनी कुलूपवाल्यांना विचारले होते, "तुम्हाला यावर काही म्हणायचंय का?" कुलूपवाले म्हणाले, "पंडितांनी लिहिलंय ना? मग त्यात मी काय सुधारणार?" सगळे हसले. मीही हसलो. आणि कार्यकारिणीने त्यांच्याकडून मागे चालण्याचे काम काढून घेतले. दोन वर्षे ते मधल्या घोळक्यात चालले. ती दोन वर्षे फाटकांच्या कड्या गंजल्या. एकदा उघड्या फाटकातून तीन वासरे समुद्रावरच्या कड्याच्या टोकापर्यंत पोहोचली, तेव्हा मंडळाला त्यांची आठवण झाली.

त्या दोन वर्षांत माझी पत्नी वाटेवर आली नाही. मी समजलो, घोट्यामुळे. ज्या वर्षी कुलूपवाले पुन्हा मागे चालू लागले, त्या वर्षी तिने आपले बूट माळ्यावरून खाली काढले. मी तरीही समजलो, घोटा बरा झाला. समजून घ्यायचेच नसेल, तर माणसाला किती गोष्टी समजत नाहीत.

गेल्या वसंतात ती गेली. तीन आठवड्यांचे आजारपण, शेवटचे चार दिवस बोलणे नाही. कुलूपवाले भेटायला आले. आम्ही दोघे स्वयंपाकघरात बसलो होतो. बाहेरच्या खोलीत माणसे होती, आणि त्यांच्याशी बोलण्याचे त्राण मला नव्हते. मी त्यांना विचारले, "त्या दिवशी पायरीवर चार तास ती काय बोलली?"

ते म्हणाले, "वहिनींनी सांगू नका म्हटलं होतं."

मी म्हणालो, "आता सांगा."

"ते दोघं जण मिठागरापाशी आमच्या पुढं गेले ना, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. पायरीपाशी पोहोचल्यावर मी म्हटलं, वहिनी, पंडितांनी या दोघांना धरून मोजलं असणार. तर त्या म्हणाल्या, छे, त्यांचं मोजणं चुकत नाही. मी म्हटलं, चुकलं की. पाणी बघा. मग हसल्या. म्हणाल्या, भाऊजी, हे तुम्ही त्यांना सांगू नका. त्यांना चूक दाखवली की ते चिडतात. स्वतःची स्वतः सापडली तर दुरुस्त करतात. उशीर लागेल, पण करतील."

मी विचारले, "आणि इतिवृत्त वाचल्यावर?"

"तेव्हाही तेच म्हणाल्या. थांबा जरा, म्हणाल्या. करतील."

म्हणजे तिला सारे ठाऊक होते. ती दहा वर्षे रोज सकाळी माझ्यासमोर चहाचा पेला ठेवत होती, वर्तमानपत्रातल्या चुकांना मी लाल पेन्सिल लावत असताना समोर बसून पाहत होती, आणि थांबली होती. जन्मभर मी तिला म्हणत आलो की तू मागे राहतेस. ती मागे राहत नव्हती. ती माझी वाट पाहत होती.

आणि हे सत्कारमूर्ती? यांनी एका बाईला दिलेल्या शब्दाखातर अकरा वर्षे माझी चूक स्वतःच्या नावावर वागवली. बाजारात भेटले की विचारायचे, "काय पंडित, आज किती चुका धरल्या?" त्यात टोमणा नव्हता, हे मला आता कळते. ते मला दार उघडून देत होते.

अध्यक्षमहोदया, आपल्या अनुमतीने मी इतिवृत्तातील ते वाक्य खोडतो आहे. आपण मान हलवलीत, त्याबद्दल आभारी आहे. त्याच्या समासात मी असे लिहितो: "पुढे चालणाऱ्याने नियम मोडून, मागील व्यक्तीचे वाक्य न ऐकता बस सोडली. दोष सर्वस्वी त्याचा. मागील व्यक्तीने कोणालाही मागे सोडले नाही." खाली माझी सही आणि आजची तारीख. तारीख मुद्दाम आजचीच घातली आहे. उशीर किती झाला, तेही नोंदीत राहू दे.

ही दुरुस्ती जिने वाचायला हवी होती, ती आज पहिल्या रांगेत नाही. दुरुस्तीने ते दुरुस्त होत नाही.

कुलूपवाले, त्या दुपारी पाण्यापलीकडून आपण मला एक वाक्य सांगितले होते. त्याचे उत्तर माझ्याकडे राहून गेले आहे. ते आज देतो. मोजले.

येत्या रविवारी मंडळ निघेल, तेव्हा पुढे डॉक्टरबाई चालतील आणि मागे मी. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही पदोन्नती मी मागून घेतली आहे. तेलाची बाटली कुलूपवाल्यांनी काल घरी आणून दिली. "एका कडीला दोनच थेंब," असे बजावूनही गेले. सात फाटके मी लावीन. शंख दिसला तर थांबेन. शेवटी ओसरीवर पोहोचल्यावर ते वाक्य मला म्हणावे लागेल. मी घरी सराव करून पाहिला. स्वयंपाकघरात उभे राहून म्हणायला गेलो. 'माझ्यामागे' एवढे म्हणता आले, पुढचे नाही. डॉक्टरबाई, रविवारी मला थोडा वेळ लागला, तर चहा थांबवून ठेवा. नियम आहे.

हे सभागृह ज्यांनी दिले, खुर्च्या ज्यांनी मांडल्या, आणि गौरवाचे भाषण ऐकायला आलेले असताना ज्यांनी एका म्हाताऱ्याचा कबुलीजबाब शांतपणे ऐकून घेतला, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर सांभाळून घ्या. इतरांच्या चुका मी पुष्कळ धरल्या, तेव्हा ही सवलत मागण्याचा मला फारसा अधिकार नाही, याची जाणीव आहे.

सभा संपल्यावर आपण सर्वांनी आधी बाहेर पडावे. कुलूपवाले, आज आपणही. एकोणतीस वर्षांत आपण एकदाही पुढे निघाला नाहीत, आज निघा. दार मी लावून घेईन.