पदकावरची पानं

सन्माननीय अध्यक्ष गेनूअण्णा, व्यासपीठावरचे हेडमास्तर, माझे मामा रखमाजी, भोर-भाटघरची वडीलधारी मंडळी, बंधूंनो आणि भगिनींनो,

काल तिन्हीसांजेला मामांच्या गोठ्यापाशी त्यांची लेक चंद्रा माझ्याशी चार शब्द बोलली आणि माझं सगळं जगणं फिरलं. ते शब्द मी सांगणार आहे. पण आधी नेमून दिलेला विषय. चंद्राबाईंना शाळेनं पदक दिलं, त्या आज पुण्याला मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगला निघाल्या. पदकावर दोन डहाळ्या कोरल्या आहेत. अण्णा मला म्हणाले, "मानसिंग, कालेजात व्हतास न्हवं? मग ही पानं कसली ते लोकास्नी सांग. तेवढी तरी फी वसूल हुंदे!"

कॉलेज मी अर्ध्यावर कुणापायी सोडलं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. हसा, हसा!

तर ही पानं लॉरेलची. मघाशी आक्काबाई म्हणाल्या, "अगं बया, ही तर मसाल्यातली पानं!" त्या फारशा चुकल्या नाहीत. आपल्या तमालपत्राच्या भावकीतलंच हे परमुलखातलं झाड. बारा महिने हिरवं, म्हणून न विटणाऱ्या कीर्तीची खूण. कुस्ती मारणाऱ्याला आपण पटका बांधतो, तसा तिकडे जिंकणाऱ्याला आणि कवीला या पानांचा मुकुट घालत.

पण तिकडची गोष्ट अशी, की हे झाड आधी झाड नव्हतं. नदीची मुलगी होती. आपली नीरा बाई, तिकडची नदी पुरुष. म्हणजे तिचा बाप. एक देव तिच्या मागे लागला. वाईट नव्हता हो. देखणा, गाणारा, चांगल्या घरचा. पण तिला नको होता. ती पळाली. पळून पळून दमली, तेव्हा तिनं बापाला हाक मारली. बापानं तिला वाचवायला तिचं झाड केलं. आणि देवानं काय करावं? त्याच झाडाची डहाळी मोडून डोक्यात खोवली, म्हणाला, आता तरी तू माझीच! तेव्हापासून ती पानं विजयाची. कसला विजय, मंडळी? कुणावर?

वर्गात मला त्या देवाचीच कीव आली होती. त्या मुलीला लागलेली धाप काल गोठ्यापाशी पहिल्यांदा ऐकू आली. चंद्रा म्हणाली, "आरं, उद्या भर सभंत आत्या माझ्या वटीत साखरंचा पुडा घालनार हाय. पुडा पडला की ट्रेनिंग ऱ्हायलं. आन् येवढ्या मान्सांत न्हाई म्हनायला माझी जीभ रेटायची न्हाई."

आत्या म्हणजे माझी आई. भावाची लेक सून म्हणून मागायचा तिचा हक्क. तो पुडा त्या हारांमागे ठेवला आहे, आणि नवरदेव मी. अण्णा, घंटी वाजवू नका. आमच्यावर तुमचा जीव आहे, आईचा तर आहेच. आणि माझा चंद्रावर किती, ते गावाच्या वेशीलाही ठाऊक. तिची जीभ रेटत नाही, माझी रेटते. मला नको हा साखरपुडा!

"मान्या, खाली बस!" ऐकलं, मामा. रागवा, पण एवढं ऐका. त्या नदीला लेक वाचवायला तिचं झाड करावं लागलं. तुम्हाला तर तिला नुसतं दुपारच्या मोटारीत बसवायचंय.

हा बघा पुडा. फोडला! फुटलेला पुडा ओटीत घालत नाहीत. ही आता पोरगी पास झाल्याची साखर. पहिली चिमूट तुमच्या हातावर, मामा. घ्या ना. घेतलीत... आई, तू पण घे. रडू नको गं.

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, उपकार आहेत. रीत सोडून बोललो असेन, तर पोरगा तुमचाच आहे, पदरात घ्या. मी इथं थांबलो तर आम्हा दोघांना शेजारी उभं करायचा मोह तुम्हाला होईल. आणि मला नको म्हणवणार नाही. म्हणून निघतो. सरका जरा, वाट द्या. चंद्रा, तिकडे मी बघत नाही. नीट जा.

दार ओढून घेतो, मंडळी. कडी लावत नाही.