डोळ्याची फाईल घरी राहिली

आई : नाही, मी बसणार नाही. उभ्यानंच सांगा. तीन महिने बसूनच काढलेत, तुमच्या बाहेरच्या बाकांवर.

डॉक्टर : बरं. मुलीच्या एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग दिसताहेत. पाय बधिर होतो तो त्यांच्यामुळे. पण तापानंतर मुलांना कधीकधी एकदाच अशी सूज येते आणि औषधानं जाते. हे तसलं आहे की पुन्हा पुन्हा उलटणारं दुसरं काही, ते ठरवायचंय. याआधी तिला असं काही झालं होतं का?

बाबा : छे, पहिल्यांदाच. ही घ्या पायाची फाईल. सगळं तारखेनुसार लावलंय.

आई : आणि डोळा?

बाबा : अगं, ते डोळ्याच्या विभागाचं. इथे कशाला?

डॉक्टर : थांबा, थांबा. डोळ्याला काय झालं होतं?

आई : गेल्या वर्षी उजव्या डोळ्यानं दिसेना. डोळा हलवला की दुखायचा. लाल दप्तर विटकं दिसतं म्हणायची. तीन आठवड्यांत आपोआप बरी झाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याची हौस असेल.

डॉक्टर : याचा एकही कागद माझ्यासमोर नाही.

आई : असेल कसा? हे ऑफिसात रेकॉर्ड सांभाळतात, आणि घरीही तोच कारभार. एका फाईलीत एकच विषय! डोळ्याची निळी, पायाची हिरवी. पोरगी एकच आहे हो! तिचे तुकडे करून कपाटात लावलेत तुम्ही.

बाबा : मी सांगितलं होतं! हाडांच्या डॉक्टरांना पहिल्यांदा डोळ्याचंच सांगितलं. ते खेकसले, 'इथे पायाचं बोला, मागे रांग आहे.' तेव्हापासून वेगळं ठेवलं. मला वाटलं, तुम्हा लोकांना असंच लागतं.

डॉक्टर : एवढ्या लहान मुलांत हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार विरळा असतो. चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

आई : डोक्यात येत नाही, पण खोटारडी ठरवायला वेळ लागत नाही! समोरच्या हिरव्या फाईलीतच बघा. दोन महिन्यांपूर्वी इथेच आणली होती. 'शाळा टाळण्यासाठी तक्रारी. लक्ष देऊ नये.' सहीशिक्क्यासकट! वाचा ना, मोठ्यानं वाचा.

(डॉक्टर कागद शोधतात. खालची सही बघतात.)

डॉक्टर : ही सही माझी आहे.

आई : माहीत आहे मला.

डॉक्टर : त्या दिवशी मी डोळ्याचं विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. माझं चुकलं.

आई : तुमचं चुकलं, आणि आम्ही ते खरं मानलं. लिफ्ट चालू असताना तिला रोज चार मजले चढायला लावले मी. पडली की ओरडायचे, 'ऊठ, नाटकं पुरे.' दहा वर्षांची पोर, भिंतीला धरून चढायची.

बाबा : मीही ओरडलो. तू एकटी नाहीस.

आई : त्यानं काय होतंय? आता काय झालंय तिला ते बोला.

डॉक्टर : आधी डोळा, मग वर्षानं पाय, मध्ये ती बरी. आणि डागांतले काही जुने, काही ताजे. मल्टिपल स्क्लेरोसिसचाच दाट संशय आहे. शरीर स्वतःच्याच नसांवरच्या आवरणावर हल्ला करतं. आजच दाखल करू, पाठीतलं पाणी तपासू. आजार मुळापासून जात नाही, पण औषधांनी पुढचे झटके पुष्कळ कमी करता येतात.

बाबा : मी निळी फाईल घेऊन येतो. अर्ध्या तासात येतो.

डॉक्टर : या. आणि आई, एक लक्षात ठेवा. यापुढे कुठे मुंग्या आल्या, अंधुक दिसलं, तोल गेला, तर तिनं त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं पाहिजे. सगळं त्यावर आहे.

आई : मग तिला आत बोलवा, आणि ती खोटं बोलत नव्हती हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगा. मला ती आता काहीच सांगत नाही.