हजारो म्हाताऱ्यांचे बदाम

हॅलो? … कोण? … अगं थांब, तोंडात टाचण्या आहेत, काढते. … हं. बोल, बबडे. आज रविवार नसताना कशी आठवण झाली? मी तर तुझी रविवारची आत्या ना?

… नाही, रागावले नाही. … नाही म्हणते ना! आवाजच असा आहे माझा.

… हो, आले तुझ्या ऑफिसातले, कोण काय खातं त्याची पाहणी करणारे. चष्मेवाले, सभ्य गृहस्थ. दार उघडलं तर म्हणतात, तुम्ही खरोखर आहात का ते बघायला आलोय. म्हटलं, बघा बाबा, चिमटा काढून बघा! त्यांच्या आकड्यांत म्हणे एक बाई आहे, एकटी राहते, कपडे शिवते आणि अख्ख्या लग्नघराचं एकटीच खाते. त्यांना वाटलं, कुणीतरी बसल्या जागी रचलीये.

… हो, हो… अगं ऐक ना आधी! दर रविवारी, 'आत्या, मासे कुठून आणलेस? बदाम केवढ्याला पडले?' मला वाटायचं, आईमागे मी वाढवलेली पोर, काळजीनं विचारतेय. आणि तू पलीकडे माझ्या ताटाचे आकडे भरत होतीस? … ते टकटक ऐकू यायचं गं मला. मी आपली समजत होते, गप्पा मारता मारता विणकाम करतेस. सुया मीच दिल्या होत्या ना.

… सांगणार होतीस? कधी? … आणि परवानगी? … तूच दिलीस. माझ्या वतीनं. वा गं वा!

… खोटं का सांगितलं? अगं, पहिल्यांदा खरंच सांगितलं होतं. पाव, दूध, संपलं. तुझा फोनही संपला. पुढच्या खेपेला सहज म्हटलं, मोठ्ठा मासा आणला, तर केवढी बोललीस! ताजा होता का, दुकान कुठलं, किती दिवस पुरला… मग मी कशाला थांबतेय? लोणी आणलं. बदाम आणले. मासा तर दर रविवारी वाढतच गेला. शेवटी शेवटी शेपूट जिन्यात ठेवून दार लावावं लागायचं.

… म्हणजे? एक घर हजारो घरांच्या जागी धरतात? … म्हणजे मी बदाम खाल्ले की हजारो म्हाताऱ्यांनी खाल्ले? अगं बाई! त्यांच्या दातांचा तरी विचार करायचा!

… थांब. थांब जरा. ते रेडिओवर सांगत होते, एकट्या वृद्धांची चांगलीच चंगळ चाललीये, आता बसचा फुकट पास कशाला… ते ह्यावरून?

… एकटीवरून नाही. पण माझ्यामुळेही. हं.

बबडे, रेडिओ ऐकून मी शिव्या घातल्या गं त्या चंगळ करणाऱ्या म्हातारीला! म्हटलं, कोण ही भवानी, हिच्या खादाडीपायी आमचा पास गेला! … खालचे घड्याळदुरुस्तीवाले आता डोळ्यांच्या दवाखान्यात जातच नाहीत. चालत जायचं तर रस्ता दिसायला नको?

… काय? हळू का बोलतेस? … बरं. साहेब पुन्हा विचारतील. आणि मी? … 'मासे खाते, बदाम खाते' असंच सांगायचं? … नाहीतर तुझी नोकरी जाईल. … म्हणजे माझ्या थापा तुला कळत होत्या? … आणि तरी भरल्यास? … चांगला आकडा दिला की वरचे खूश. असं होय. मी तुझा आवाज ऐकायला थापा मारत होते, आणि तू वरच्यांना खूश करायला.

… समजलं गं. साहेबांना खोटं सांगायचं. … मी कुठे म्हणते? तूच म्हणतेयस.

… पुन्हा कशाला येतील? गेलेत कुठे? … इथेच. समोर. मशीनपाशी स्टुलावर बसलेत. चहा गार झाला बिचाऱ्यांचा. … हो, मगापासून. … तुझं नाही ऐकू जात त्यांना. फक्त माझं.

… आधी सांगायला हवं होतं? तू सांगितलंस कधी मला, पलीकडे कोण कोण ऐकतंय ते?

… रडू नकोस. मी काही बोलत नाही, नुसता फ्रीज उघडून दाखवते. … बंदच असतो गं, वीज परवडत नाही. दोऱ्याची रिळं ठेवलीत त्यात. खालच्या कप्प्यात बटणं. माशाच्या जागी.

… आणि रविवारी फोन कर हं. … का नाही? कर की. फक्त काय आणलं, केवढ्याला आणलं, ते नाही विचारायचं. दुसरं काहीही विचार. … हो, काहीही. आत्ताच विचार ना.

… बबडे?

… नाही, लाइन चालू आहे. श्वास ऐकू येतोय तुझा.

… बरं. सुचलं की कर. ठेवते.

या साहेब. फ्रीजचं दार जरा जोरात ओढावं लागतं.