याहून जड दाखवा

नाही हो, हा लॅपटॉप नको, हा तर पुठ्ठा आहे नुसता — एका हाताने उचलला मी, बघितलंत ना? याहून जड दाखवा. हो, जडच म्हणालो, बरोबर ऐकलंत. मुलीसाठी पाहिजे. प्रोग्रामिंग करते ती — म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची आणि त्याने ती भलतीच करून ठेवली की त्याच्यावर चिडायचं, ते. घरूनच करते. तो मागचा काळा काढा बरं. दिवे लागतात तो. माझी सगळी नोकरी लिफ्टमध्ये गेली, लिफ्टमन होतो मी, मला वजन नुसतं बघून कळतं. — गेम खेळणाऱ्यांसाठी आहे हा? असू दे की. प्रोग्रामिंग होईल ना त्यावर? होईल. उलट जास्त जोरात होईल? मग झालं तर. द्या इकडे — वा! हा खरा लॅपटॉप. मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या येतील. आणि हा चार्जर? अरे, ही तर वीट आहे. छान. आता बॅटरीचं सांगा. काम करताना जेमतेम दोन तास? उत्तम. याहून कमी टिकणारा नसेल ना एखादा? नाही, आपलं विचारलं.

तुम्ही असे बघू नका हो माझ्याकडे. डोकं ठिकाणावर आहे माझं. सांगतो, ऐका. तिच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, वायर काढली की बंद. आणि आमच्याकडे धड चालणारा प्लग एकच, जेवणाच्या टेबलाशेजारचा. म्हणजे ती बसणार कुठे? तिथेच. आणि मी भाजी निवडत बसणार कुठे? समोर. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी कधी बोलघेवडा नव्हतो — लिफ्टमध्ये लोक बोलतात, लिफ्टमन बोलत नाही, सवयच लागते. तर ती तिकडे खटखट करते, मी इकडे मटार सोलतो. इलेक्ट्रिशियनला का बोलावत नाही म्हणता? बोलावू की. घाई काय आहे?

आणि ती अडली ना, की मला सांगते. मला! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ‘बाबा, ऐका,’ म्हणते, ‘गिऱ्हाइकाने पत्ता बदलला. मी जुना पुसते, नवा लिहिते, पण पार्सल जातंय जुन्याच पत्त्यावर.’ मी म्हणतो, ‘मग?’ ‘मग मी त्याला सांगते, झालं म्हणून.’ ‘मग?’ ‘मग पार्सलवाल्याला — थांबा. पार्सलवाल्याला मी सांगतच नाहीये! सापडलं, बाबा, सापडलं!’ की लगेच स्क्रीनकडे तोंड. सापडलं तिचं तिलाच, मला फक्त शेंगेतली अळी सापडली. पण समोर कुणीतरी लागतं म्हणे, पहिल्यापासून सांगायला. मध्ये शहाणपणा करायचा नाही, दुसरं काही काढायचं नाही, फक्त ‘मग’ म्हणायचं. तिच्या ऑफिसातला एकजण असाच अडला होता, तर तिने फोन माझ्या हातात दिला. मी भात चढवला, कुकर लावला, याला आपला ‘मग, मग’ करत राहिलो, आणि त्याचं सुटलं. धन्यवाद म्हणाला, सर म्हणाला मला. मी म्हटलं, येत जा.

काय? तिने काय सांगितलंय आणायला? — हलका. हलका आणि दिवसभर बॅटरी टिकेल असा. पण ते तुम्हाला कोण विचारतंय? दुकानात मी आलोय ना? ‘तुझं काम सोडून कुठे जातेस, मी आणतो,’ म्हणून मीच निघालो सकाळी. हलका कशाला पाहिजे, तर घेऊन जायला. दुसरी नोकरी आलीय तिला, मोठी आहे, लांब आहे, जाऊन तिकडेच राहायचं. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. अजून कळवलेलं नाही.

काल संध्याकाळी म्हणाली, ‘बाबा, ऐका.’ मी सरसावून बसलो, पाहतो तर हिने लॅपटॉप मिटलेला. मिटून कधी ‘ऐका’ म्हणत नाही ती. म्हणाली, ‘काम मनासारखं आहे. माणसंही चांगली वाटतायत. पण मी गेले, तर तुम्ही इथे एकटे. आणि नाही गेले, तर —’ आणि थांबली. बघत राहिली माझ्याकडे. आता मला काय म्हणायचं होतं, ते मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी म्हणालो, ‘मटार बघ किती कोवळे निघालेत.’ ‘हो ना,’ म्हणाली. लॅपटॉप उघडला परत. पण खटखट नाही. मला ऐकू येतं ना, नुसती बसलीय की काम करतेय ते. जेवणं होईस्तोवर नुसती बसली होती पोरगी.

तर हाच द्या. हा घेऊन कोण जातंय गाडीत? खांदा उतरेल. हा टेबलावर ठेवला की ठेवला. मला ती जायला नकोय हो, सरळ सांगतो तुम्हाला, त्यात लपवायचं काय? दिवसभर घरात ती खटखट ऐकायची सवय झालीय, ती थांबली तर मी करू काय? हा हलणार नाही, मग तीही हलणार नाही, मी समोर बसेन, ती अडली की मला सांगेल, आणि मी —

काय म्हणालात?

नाही, आत्ता. काहीतरी म्हणालात तुम्ही. परत म्हणा.

असं एकदम ‘मग’ म्हणायचं नसतं हो माणसाला. पाणी आहे का? असू द्या, नको.

हा ठेवा आत. ठेवा म्हणतो ना, वीटही ठेवा. तो मघाचा पुठ्ठा काढा. त्याची बॅटरी टिकते ना दिवसभर? तुम्ही स्वतः वापरून बघितलीय? आणि खालून फार तापत नाही ना? बरं. बांधा. नाही, मला दुसरं काही बघायचं नाही, तुम्ही जा आता, ते दारातलं गिऱ्हाईक कधीचं ताटकळलंय. जा हो, मला फोन करायचाय.

हं, मी बोलतोय. दुकानात आहे अजून. घेतला. हलकाच घेतला, ते राहू दे — ऐक. काल तू सांगत होतीस ना, मध्येच मी मटार काढले ते. सांग परत. नाही, फोनवरच सांग, घरी आलो की मी पुन्हा काहीतरी काढेन. पहिल्यापासून सांग.

हं.

काम मनासारखं आहे. हं.

मी इथे एकटा. बरोबर आहे. पुढे.

आणि नाही गेलीस, तर — हं. हं.

मग?