उत्तर भरलेल्या चार कॅसेटी

— नासधूस? नासधूस म्हणायलाव तुमी तिला? बसा साहेब, बसा, खुर्ची पुसून दिलीय मी. हेडमास्तर परभणीला मीटिंगला गेलेत, ते येतील तवा येतील. तवर ह्या खोलीची किल्ली मपल्या कमरेला हाय, म्हणजी हितं काय इचारायचं ते मला इचारा. मी कोण? मी धुरपताबाई. शिपाई म्हणा, सेविका म्हणा, झाडूवाली म्हणा, कागदावर काय लिवलंय ते तुमालाच ठाव. तुमच्या इद्यापीठानं झरीच्या ह्या शाळेत एक खोली घेतली, ‘घरबसल्या बीए करा’ म्हणून दारावर पाटी ठोकली, एक टेपरिकार्ड दिलं, कपाटभर कॅसेटी दिल्या, आन् तेच्यावर नजर ठेवायला मला ठेवलं. चार येत्ता शिकलेय मी. पाटी वाचता येती. तुमच्या हातातला कागदबी वाचता येतो, तुमी उलटा धरलाव तरी — ‘विद्यार्थिनी महानंदा हिने चार ध्वनिफितींची नासधूस केली, सबब तिचा परीक्षेचा अर्ज रोखण्यात येत आहे.’ सबब! लय भारी शब्द हाय. एका शब्दात बाईचं वरीस खाल्लं.

वरीस खाल्लं म्हणजी काय? सांगते की. आज फारमाची आखरी तारीख. तुमी सही केली तर तुमच्याच जीपमधी तिचं फारम जाईल. न्हाई केली तर पुढल्या साली भर म्हणताल — आन् पुढलं साल तिला न्हाईच. तिचा सासरा, चंद्रप्पा, बाजारातलं किराण्याचं दुकान बघितलं असंल तुमी येताना, कपाळभर भस्म लावून गल्ल्यावर बसलेला — तो भर दुकानात बोललाय, यंदा पास झाली तर पुढं शिकू द्या, न्हाई तर पुस्तकं गठुड्यात बांधून माळ्यावर टाका. आन् चंद्रप्पा बोलला म्हणजी बोलला. मिठाचा भाव बदलंल पर जबान न्हाई बदलायची. म्हणून म्हणते, घाई करू नका आन् उशीरबी करू नका. आधी ऐका.

ती ऐतवारच्या तासाला येत न्हाई? तेबी लिवलंय का कागदात? बरोबर हाय, न्हाई येत. कशी येईल? ऐतवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसती, घरात पाव्हणे, चुलीवर पातेलं, आन् येऊन काय करंल? तुमचे मास्तर येतेत शहरातून, हाजरी घेतेत, फळ्याकडं तोंड करून पुस्तक वाचतेत — तेच पुस्तक, जे टपालानं घरी येतंय — आन् दोनची यष्टी धरून जातेत. एकदा कस्तुराबाईनं हात वर केला. कस्तुराबाई बालवाडीवर हाय, तीबी तुमच्याच बीएला. तर मास्तर म्हणले, शंका शेवटी. शेवट आला तर यष्टीबी आली! तवापून तिनं हात खालीच ठेवलाय. आन् टीव्हीवरचा तास? तो दिल्लीहून लागतोय भर दुपारी, इंग्रजीत, आन् भर दुपारी आमच्याकडं लाईट नसती. एका अर्थी बरंच हाय म्हणा. दिसलं न्हाई म्हणजी कळलं न्हाई ह्याचं दुःख न्हाई.

मंग मीच इचार केला. कपाटात कॅसेटी पडून, वर कापड, कापडावर धूळ, आन् धुळीवर मपला झाडू. कशासाठी? खराब होऊ नयेत म्हणून! लेकराला दूध लागंल म्हणून गाय कुलपात ठेवल्यावानी. एक दिवस टेपरिकार्डात सेल भरले, ते टोपल्यात घातलं, वर पालकाच्या जुड्या टाकल्या आन् गेले चंद्रप्पाच्या परसात. — खोलीबाहेर न्यायची मनाई हाय? ठाव हाय की. ती सूचना मीच चिकटवलीय भिंतीला. लिवा, लिवून घ्या, धुरपताबाईनं टेप बाहेर नेलं. महानंदानं न्हाई. महानंदा तर म्हणली, मावशे, परत घेऊन जा, बोलणी खाशील. मी म्हणलं, आजवर पोटभर बोलणीच खाल्लीत, घासभर आणखी.

तर दुपारी दुकान बंद असायचं, चंद्रप्पा लवंडायचा, आन् मागं परसात आमी तूर निवडायला बसायचो. महानंदा, कस्तुराबाई, मी. तिची सासू गंगम्मा आमच्याकडं पाठ करून बसायची. मला काय करायचंय तुमच्या बीएचं, म्हणायची. पर सूप पाखडायची ना, ते सूप मधीच थांबायचं. सूप थांबलं की आमाला कळायचं, म्हातारी ऐकायलीय. एकदा तर फटकन बोलली, ‘त्या बोलणाऱ्याला सांगा, जराक हळू बोल, तुपल्यामागं काय कुत्रं लागलंय का.’

आता त्या नासधुशीचं सांगते. तुमच्या कॅसेटीत तो माणूस बोलतोय — आवाज चांगला हाय, जेवून-खाऊन बोलल्यावानी. अर्धा घंटा बोलतोय. बाईला शिकता कामून येत न्हाई, तेची कारणं सांगतोय. मंग गप होतोय आन् म्हणतोय — मला पाठ हाय — ‘आता विचार करा, आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्या अनुभवातून, आपल्या शब्दांत सांगा.’ म्हणला का न्हाई? तुमच्याच माणसानं इचारलं का न्हाई? मास्तरानं इचारल्यावर गप बसायचं असतंय का? आमच्या मास्तरानं तर गप बसलं म्हणून पट्टी मारली हातावर, अजून वळ दिसंल असं वाटतंय. तो इचारून थांबलाय, पुढं नुसतं खर्रर्र, खर्रर्र, आन् आमी तिघी तुरीत हात घालून एकमेकींच्या तोंडाकडं बघायलोत. कोणाला सांगायचं? भिंतीला? गंगम्माच्या पाठीला? मंग मपल्या ध्यानात आलं, टेपरिकार्डाला लाल बटन हाय. ते दाबलं की आपलं बोलणं आत जातंय. महानंदाचा नवरा वीरुपाक्ष भजनी मंडळात हाय, ते लोक तसंच करतेत, एकाचं भजन भरतेत आन् दुसऱ्या गावाला पाठवतेत, तिकडून त्यांचं भजन भरून येतंय. म्हणलं, हेबी तसंच असंल. तेनं इचारलं, आपण भरून पाठवायचं, तो ऐकंल, तो परत भरून पाठवंल.

बटन दबत नव्हतं, हेबी सांगते. कॅसेटीच्या मागं खाच असती, ती उघडी असली की दबत न्हाई. वीरुपाक्ष तिच्यावर चिकटपट्टी लावतोय, मी बघितलं होतं. मी लावली. हे बघा, मी. मपल्या ह्या बोटानं. खालचं पुसून जातंय हे आमाला कोणी सांगितलं होतं? पुस्तकात लिवलं होतं का? कॅसेटीवर लिवलं होतं का? तुमी लिवलंत, ‘हाताळताना काळजी घ्यावी.’ घेतली की! मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून नेली, लेकरासारखी.

चार कॅसेटी भरल्या. पुडकं बांधलं, महानंदानं चांगली चिठ्ठी लिवली — ‘सर, आम्ही उत्तरे दिली आहेत, चुकले असल्यास सांगावे’ — आन् टपालात टाकलं. पोस्टमनला रोज इचारायची ती. गंगम्मासुदिक इचारायची, तोंड वाकडं करून, ‘आलं का तुमच्या मास्तरचं?’ तीन महिने! आन् तीन महिन्यांनी काय आलं? तुमी आलाव. हे पुडकं घेऊन. पुरावा म्हणून. दाखवा हिकडं. न्हाई, दाखवा. — ही गाठ बघा साहेब. ही मपली गाठ हाय. कडब्याच्या पेंडीला मारतो ती, आडवी. ही शहरात कोणाला मारता येत न्हाई. म्हणजी तुमी हे उघडलंबी न्हाई! वरची चिठ्ठी वाचली, ‘उत्तरे दिली आहेत’ वाचलं आन् म्हणलाव, नासधूस. तीन महिने हे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडलं, आन् एका माणसाला वाटलं न्हाई, बाया काय म्हणल्यात ते ऐकावं तर. अहो, चोराचंसुदिक म्हणणं ऐकतेत कचेरीत!

तुमच्या पुस्तकात पाच कारणं हायत. घोकून पाच लिवली की पास. कस्तुराबाईनं सहावं सांगितलंय हेच्यात — शाळेला मुतारी न्हाई, म्हणून वयात आलेली पोर घरी बसती. हाय का तुमच्या पाचात? महानंदानं सांगितलंय, माझं पुस्तक कोणी हिसकत न्हाई, सासू मारत न्हाई, निस्तं पान उघडलं की आवाज येतो, ‘झालं का गं?’ — दिवसातून वीस येळा, ‘झालं का गं?’ आन् तिसऱ्या कॅसेटीत कोण बोललंय ठाव हाय का? गंगम्मा! सूप खाली ठेवून, तोंड हिकडं करून बोलली. म्हणली, ‘ते मी म्हणते. मला कोणी वाचू दिलं न्हाई, म्हणून मपल्याच्यानं बघवत न्हाई.’ सुनंच्या समोर बोलली. तवापून एकदाबी ‘झालं का’ म्हणली न्हाई. असा तास तुमच्या कोण्या मास्तरानं घेतलाय का? सांगा की. घेतलाय का?

इद्यापीठ, इद्यापीठ! अठ्ठ्याहत्तर साली त्या औरंगाबादच्या इद्यापीठाच्या नावावरून आमच्या भागात गोरगरिबांची घरं जळाली. वस्त्याच्या वस्त्या. तवा मला वाटलं, ज्याच्या नावापायी माणूस माणसाचं घर जाळतोय, ते इद्यापीठ आतून असतंय तरी कसं? आता तुमचं हे दुसरं दारात आलं, तर कळलं. आतून कुलूप असतंय. नाव कोणाचंबी लावा, हक्कानं लावा, पर आतला माणूस ऐकणारा पायजे का नको? — न्हाई, तुमच्यावर चिडून काय करू. चिडलेच हाय, तरीबी. मपल्या ओळखीत एक बाई हाय, गंगाखेडकडं उसाच्या फडात मोळ्या बांधती. सातवी नापास न्हाई, सातवी अर्धी. अक्षर असं की टपोऱ्या ज्वारीचे दाणे मांडावेत. तिला कोणी इचारलं असतं तर — जाऊ द्या. तिचं काय निघालंय हितं. थांबा, गाठ सोडते, मशीन लावते. महानंदाचं उत्तर ऐका आन् मंग म्हणा नासधूस. दोन मिनटं. जीप काय पळून जायली न्हाई.

ही पहिली… ही असंल. हं, लागली. ऐका — ‘मी धुरपताबाई, चौथी शिकलेली. मी बीएला न्हाई, पर इचारलंय म्हणून सांगते —’ अगं बाई, ही दुसरीच बाजू लागली, हे न्हाई, हे ऐकायचं न्हाई, हे मपलं उगं — ‘तवा आमी वाडीवर राहायचो, मपली सरजा यष्टीनं झरीला शाळेला यायची. दंगल झाली, यष्टी बंद पडली. सातवी अर्धी असताना मी पोरीचं नाव काढलं. सगळ्याला सांगितलं, दंगलीपायी काढलं —’ कोणतं बटन हे, साहेब, बंद करा की, तुमाला येतंय ना — ‘पर यष्टी पंधरा दिवसांत सुरू झाली. ती रोज दप्तर घेऊन दारात उभी राहायची. मला घरात हात पायजे होता. मी दप्तर घेतलं आन् तेच्यात बी-बियाणं भरलं. कारण इचारलंय ना तुमी? मी हाय कारण. लिवा —’

बंद झालं.

ऐकलं ना? सगळं ऐकलं. ऐकायचं नव्हतं ते ऐकलं. — न्हाई, मी रडायली न्हाई, तुरीचं फोलपट गेलंय डोळ्यात, सकाळपून. पाणी नको. पेन काढलाव ना? मंग करा सही. हितं, ह्या रेघेवर. महानंदाचं नाव नीट वाचा आन् मंग करा. आन् तो नासधुशीचा कागद? फाडा तुमीच, मी न्हाई फाडायची, उद्या म्हणताल हेबी धुरपताबाईनंच केलं. हां. कॅसेटी घेऊन जा, त्या माणसाला द्या, जो इचारून गप बसलाय. सांगा, झरीहून उत्तर आलंय.

काय? काय इचारलाव?

सरजा मला कधी भेटती का?

असं इचारून थांबू नका साहेब. ते तुमच्या पुस्तकातल्या प्रश्नात न्हाई. उठा. मला कुलूप लावायचंय.