भाव विचारून

बर्फ पडण्याआधी टायर बदलायला ओहायोतल्या आमच्या गावात गर्दी उसळते. दुकानात माझ्या मागच्या बाकावर एक बाप आणि त्याची बारावीतली मुलगी नंबराची वाट बघत होते.

“मग मॅरेन, तो लवकरचा अर्ज आज पाठवतेस ना?”

“डॅड, त्यात प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं लिहून द्यावं लागतं.”

“दे की! तुझं आवडतं कॉलेज आहे.”

“पण दुसरी कॉलेजं फीसाठी किती मदत देतात, ते मग कळणारच नाही.”

“पैशांचं मी बघतो. ट्रक विकीन.”

“या टायरांसाठी किती दुकानांना फोन केलेस?”

“पाच. का गं?”

“आणि कॉलेजला भाव न विचारताच हो म्हणायचं?”

“…तुला वाईट नाही वाटणार?”

“नाही रे. तिथेही अर्ज करीनच, पण सगळ्यांबरोबर. मग वसंतात सगळ्यांची उत्तरं आली की ताडून बघू.”

“हुश्श! जीव भांड्यात पडला. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या.”

“माझ्याही.”

“मग घरी का नाही बोललीस?”

“मॉम म्हणाली, टायरच्या दुकानात बसलात की बोल.”